आईला बसवेना, आणि गोळी वाढत चाललीय

प्रश्न : डॉक्टर, आम्ही कुंभारीच्या घरकुलात राहतो. आई ६७ वर्षांची. जन्मभर विड्या वळल्या, म्हणजे मांडीवर सूप घेऊन सकाळपासून संध्याकाळपर्यंत एका जागी बसणारी बाई. वडील गेल्यावर तिनं जेवण सोडलं, बोलणं सोडलं, म्हणून दोन महिन्यांपूर्वी एस्सिटालोप्राम ही डिप्रेशनची गोळी चालू झाली. आधी ५ मिलिग्रॅम, मग १०. दहाची केल्यावर आठच दिवसांत बसवेना झालं तिला. बसली की उठतीय, उठली की दार ते मोरी, मोरी ते दार. डॉक्टरांना म्हटलं घालमेल वाढलीय, तर त्यांनी २० केली आणि आता रात्रभर फिरालीय, कातडीतनं बाहेर पडावं वाटतंय म्हणती. शेजारच्या मावशी म्हणतात बाहेरचं आहे, उतारा करा. आमचे हे म्हणतात गोळीच फेकून दे. अॅसिडिटीची पण एक गोळी चालूय. काय करू?

उत्तर : ताई, उतारा नको आणि गोळी फेकू पण नका. तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही सहज लिहून गेलात, "दहाची केल्यावर आठच दिवसांत". हे वाक्य डॉक्टरांना असंच्या असं सांगा. तुम्ही त्यांना "घालमेल वाढलीय" एवढंच सांगितलं, त्यांनी आजार वाढला असं धरलं आणि आजार वाढला तर डोस वाढवायचा, हिशोब सरळ आहे, फक्त सुरुवातच चुकली. घालमेल हा शब्दच फसवा आहे हो, आपल्याकडं छातीत धडधडलं तरी घालमेल, पोरगं परगावी गेलं तरी घालमेल.

मला वाटतं हा अकाथिसिया असावा. प्रागच्या हाश्कोवेत्स नावाच्या डॉक्टरनं १९०१ साली हे नाव दिलं, ग्रीकमध्ये अर्थ होतो 'बसता न येणं'. तेव्हा डिप्रेशनच्या गोळ्या जन्मालाही आल्या नव्हत्या, आज मात्र हा त्रास बहुतेक वेळा औषधांनीच होतो. जास्त करून मानसिक आजाराच्या दुसऱ्या जातीच्या औषधांनी, पण एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिन ह्या डिप्रेशनच्या गोळ्यांनीही होतो. सेरोटोनिन आणि डोपामिन ही मेंदूतली निरोप पोचवणारी रसायनं. ह्या गोळ्यांनी सेरोटोनिन वाढलं की मेंदूत हालचाली सांभाळणाऱ्या भागात डोपामिनचं काम दबतं, असं मानतात. गोळी चालू केल्यावर नाहीतर डोस वाढवल्यावर पहिल्या काही आठवड्यांत हे दिसतं.

काळजीतला माणूस विचारलं की काळजी सांगतो, घराची, पैशाची, पोरांची. आईंना एकदा शांतपणे विचारून बघा, बहुतेक म्हणतील काळजी कसली नाही गं, पाय ऐकेनात. अजून एक बघा, हे दिवसा बसल्यावर पण होतंय का फक्त रात्री आडवं पडल्यावर? फक्त रात्रीच असेल तर पायांच्या वळवळीचा वेगळा आजार असू शकतो, त्यात रक्तातलं फेरिटिन म्हणजे लोहाचा साठा तपासतात, आणि तो आजारही ह्या गोळ्यांनी बळावतो.

आता ती अॅसिडिटीची गोळी. तिची पट्टी हातात घ्या आणि बारीक अक्षरात लेव्होसल्पिराइड लिहिलंय का बघा. पित्ताच्या गोळीत हे सर्रास मिसळलेलं असतं, लोक मेडिकलमधून वर्षानुवर्षं घेतात आणि ते डोपामिन अडवतं, म्हातारपणी त्यानं अंग ताठरतं, हात कापतात, बेचैनी येते. उलटीच्या मेटोक्लोप्रामाइडचंही तेच. दोन्हीकडनं डोपामिनची गळचेपी झाली तर पाय कसे थांबतील?

दुसरं म्हणजे वय. पासष्टीच्या पुढे एस्सिटालोप्राम सहसा १० मिलिग्रॅमच्या वर नेत नाहीत, मुख्य कारण हृदयाच्या ठोक्यांचं. त्यामुळे २० बद्दल उद्याच विचारा, वाट बघू नका. जाताना ईसीजी आणि रक्तातल्या सोडियमची, म्हणजे मिठाची तपासणी पण विचारा, ह्या वयात ह्या गोळ्यांनी सोडियम उतरतं. डॉक्टर डोस कमी करतील, गोळी बदलतील, गरज पडली तर प्रोप्रॅनोलॉल किंवा थोडे दिवस क्लोनाझेपाम देतील. दमा असेल तर प्रोप्रॅनोलॉल चालत नाही, ते आधीच सांगा. स्वतःच्या मनानं एकदम बंद केली तर चक्कर, मळमळ, डोक्यात करंट बसल्यासारखं होतं, आणि मूळचं दुःख परत येतं ते वेगळंच.

एक गोष्ट मात्र गांभीर्यानं घ्या. ह्या तगमगीत माणसाच्या मनात जीव द्यायचे विचार येतात, आणि ते आजारानंच आले असं समजून घरचे गप्प बसतात. आई तसं काही बोलल्या तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी सिव्हिलला न्या. रात्री-अपरात्री टेली मानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लावा, मराठीत बोलतात. आणि ताप, दरदरून घाम, जुलाब, अंगाला झटके, असंबद्ध बोलणं हे एकदम आलं तर सरळ कॅज्युअल्टी. दुखण्यासाठी ट्रामाडोल किंवा डेक्स्ट्रोमेथॉर्फनचं खोकल्याचं औषध ह्या गोळीबरोबर घेतलं तर हे होऊ शकतं.

प्रश्न : मी अक्कलकोट रोडला यंत्रमागावर आहे. सर्ट्रालिन चालू केल्यापासून तुटलेला धागा जोडताना बोटं थरथरतात. पार्किन्सन तर नाही ना?

उत्तर : बहुतेक नाही. पार्किन्सनचा कंप हात मांडीवर निवांत ठेवल्यावर जास्त दिसतो, तुमचा काम करताना येतोय. हा बारीक थरथराट ह्या गोळ्यांचा ओळखीचा त्रास आहे, बऱ्याचदा डोस कमी केला की उतरतो. थरथरीची दुसरी कारणंही असतात, म्हणून थायरॉइड एकदा तपासा. दम्याचा पंप वापरत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा, आणि पाळीत किती कप चहा होतो ते खरं खरं मोजा, माझ्याकडं आलेल्या एका कारागिरानं आधी तीन सांगितले होते, बायकोनं अकरा.