पोपच्या शब्दावरून घरात वाद

प्रश्न : आम्ही ठाण्याचे ईस्ट इंडियन, म्हणजे इथलेच मूळचे कॅथलिक ख्रिस्ती. समलिंगी जोडप्यांना आशीर्वाद देण्याची मुभा दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी दिली होती, त्यावरून रविवारी मिस्सा (चर्चमधली उपासना) आटोपून आलो की सासरे आणि दीर हमरीतुमरीवर येतात. मटणाचा रस्सा निवून जातो! ‘पोप चुकत नाही’ म्हणणारे सासरेच आता पोपच्या या निर्णयाविरुद्ध. हे पाप नाही का?

उत्तर : छे हो! पोप चुकत नाही ही १८७०ची शिकवण श्रद्धा-नीतीविषयी त्यांनी पीठावरून, म्हणजे साऱ्या चर्चचे सर्वोच्च गुरू या नात्याने, केलेल्या अधिकृत घोषणेपुरतीच आहे. आशीर्वादाची मुभा देणारं डिसेंबर २०२३चं पत्रक त्यात बसत नाही. आफ्रिकेतल्या बिशपांनी असे आशीर्वाद द्यायला चक्क नकार दिला, तरी ते कॅथलिकच आहेत. आणि दीर ‘लग्नाला मान्यता मिळाली’ म्हणत असतील, तर तेही खोटं. परवानगी आहे ती उपासनाविधीबाहेरच्या छोट्या आशीर्वादाची.