शीतयुद्धाची तारीख शोधू नकोस

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

तुझं टिपण वाचलं. शीतयुद्धाची सुरुवात तू 5 मार्च 1946 च्या चर्चिलच्या अमेरिकेतल्या फुल्टनमधल्या ‘पोलादी पडदा’ भाषणापासून केली आहेस. परीक्षेत गुण मिळतील, पण खरी गोष्ट हातची निसटेल. जरा मागे जा.

सोव्हिएत संघावरचा भार हलका व्हावा म्हणून पश्चिम युरोपात जर्मनीविरुद्ध दुसरी आघाडी उघडण्याची बोलणी 1942 मध्येच झाली होती. ती उघडली 6 जून 1944 रोजी. तोवर स्टालिनग्राड आणि कुर्स्कला लाल सैन्यानं जर्मनांचं कंबरडं मोडलं होतं. या युद्धात सोव्हिएत संघाची सुमारे 2 कोटी 70 लाख माणसं गेली, अमेरिकेची 4 लाखांच्या आसपास. आपल्याला मरायला पुढे केलं, हा मॉस्कोतला सल तिथला आहे. उलट ऑगस्ट 1944 मध्ये वॉर्सा नाझींविरुद्ध पेटून उठलं, तेव्हा मदत घेऊन येणाऱ्या दोस्तांच्या विमानांना स्टालिननं कित्येक आठवडे आपल्या तळांवर उतरू दिलं नाही. लंडन-वॉशिंग्टनच्या मनात तेव्हा पाल चुकचुकली.

आता 24 जुलै 1945 चं पोट्सडॅम बघ, बर्लिनजवळची विजेत्या राष्ट्रांची परिषद. बैठक संपली आहे. अमेरिकेचा अध्यक्ष ट्रुमन आपला दुभाषी बरोबर न घेता, सहज आल्यासारखा स्टालिनजवळ जातो आणि सांगतो, आमच्याकडे विलक्षण संहारक असं नवं अस्त्र आहे. ते अणुबॉम्ब आहे, हे सांगत नाही. स्टालिन चेहऱ्यावर काही उमटू देत नाही. थोड्या अंतरावरून पाहणाऱ्या चर्चिलला वाटतं, याला काही कळलेलं दिसत नाही. प्रत्यक्षात अणुबॉम्ब प्रकल्पातच काम करणाऱ्या क्लाउस फुक्ससारख्या हेरांकडून मॉस्कोला बॉम्बची खबर आधीच होती. एकानं सांगितल्यासारखं करून लपवलं, दुसऱ्यानं माहीत असून अजाणतेपण पांघरलं. जर्मनी शरण येऊन तीन महिनेही झाले नव्हते!

पण म्हणून दोघांना सारखंच दोषी धरून मोकळी होऊ नकोस. फेब्रुवारी 1945 च्या याल्टा परिषदेत स्टालिननं मोकळ्या निवडणुकांचा शब्द दिल्यावर जानेवारी 1947 मध्ये पोलंडमध्ये झालेलं मतदान ही शुद्ध लबाडी होती. ते तसंच लिही. पण तीस वर्षांत दोनदा जर्मन सैन्य पोलंडच्याच वाटेनं रशियावर चालून आलं होतं, हेही त्याच परिच्छेदात येऊ दे. स्टालिनला ती वाट बंद हवी होती. अमेरिकेला त्यात पुढच्या चढाईची तयारी दिसली. पोलिश माणसाला काय हवं, हे मात्र कुणी विचारलं नाही. याची मला आजही चीड येते.

पुढच्या खर्ड्याआधी दोन अहवाल शेजारी ठेवून वाच: अमेरिकन मुत्सद्दी जॉर्ज केननची फेब्रुवारी 1946 ची मॉस्कोहून वॉशिंग्टनला गेलेली तार आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सोव्हिएत राजदूत नोविकोव्हनं वॉशिंग्टनहून पाठवलेला अहवाल. समोरच्याला जग गिळायचं आहे असं दोघंही किती खात्रीनं लिहितात, त्या ओळींवर पेन्सिलीनं खुणा कर. फुल्टन त्यानंतर आण. बर्लिनच्या नाकेबंदीचा भाग उत्तम जमला आहे, त्याला हात लावू नकोस.