सावंतवाडीत भाड्याने घर बघताय ना?

तळ्याच्या काठावरच घर पाहिजे हे आधी डोक्यातून काढा. मोती तलाव दिसतो म्हणून आम्हीपण भुललो, मे महिन्यात घर घेतलं आणि जुलैत कपाट उघडलं तर चामड्याच्या पट्ट्यावर पांढरी बुरशी आणि बायकोच्या शालूला असा कुबट वास की विचारू नका! त्यामुळे घर शक्यतो पावसात बघा. नाही जमलं तर भिंतीला खाली हात लावून बघा, पोपडे सुटलेत का, आणि एकाच भिंतीला नवा रंग मारलेला असेल तर समजून जा. कौलारू असेल तर यंदा कौलं परतली का तेही विचारा, पावसात कामाला माणूस मिळत नाही.

विहिरीला मे अखेरपर्यंत पाणी असतं का हे मालकाला नाही, शेजारच्या काकूंना विचारायचं. मालक बऱ्याचदा मुंबईत असतो, चावी त्या काकूंकडेच असते, म्हणजे नळ गळला तर खर्च कोणाचा ते आधीच लिहून घ्या. ॲग्रीमेंट ११ महिन्यांचं असलं तरी रजिस्टर करावंच लागतं, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे ती जबाबदारी मालकाची आहे, नुसत्या नोटरीवर ऐकू नका. लाइटबिलाची थकबाकी बघा.

आणि हो, स्टेशन गावात नाही, मळगावला आहे. रात्रीच्या गाडीने येणार असाल तर रिक्षावाल्याचा नंबर आधीच घेऊन ठेवा.