विमानातल्या स्क्रीनवर समोरचे डोंगर दिसतात, मग धुक्यात पायलटला बाहेर बघायची गरज काय?

गोंदियाजवळ बिरसीला शिकाऊ विमानं उडतात, म्हणून तुम्हाला हा प्रश्न पडला असावा. गरज आहे, कारण स्क्रीनवरचं ते चित्र, म्हणजे ‘सिंथेटिक व्हिजन’, कॅमेऱ्याचं नसतं. जमिनीच्या उंचीचा आधीच साठवलेला नकाशा, जीपीएसने दिलेली विमानाची जागा आणि विमान किती कललंय हे सांगणारे सेन्सर, यांवरून कॉम्प्युटर ते काढतो. म्हणजे नकाशा जुना, तर चित्रही जुनं.

आपल्याकडचंच बघा. वणी, घुग्घुस भागात कोळसा खाणींच्या मातीचे ढिगारे टेकडीएवढे झालेत. फेब्रुवारी 2000 मध्ये नासाच्या एंडेव्हर या अंतराळयानाने रडारने जगातल्या बहुतेक जमिनीची उंची मोजली. विमानातला नकाशा तेव्हाच्या आकड्यांवरून केलेला असेल, तर त्यात नंतरचे ढिगारे कुठून येणार? शिवाय मेळघाटसारख्या दाट जंगलात रडारने बरेचदा जमिनीऐवजी झाडांच्या वरच्या भागाची उंची पकडली. टॉवर नोंद झालेलेच दिसतात. शेतांवरून गेलेल्या उच्चदाबाच्या तारा तर अनेक नकाशांत नसतातच, आणि खाली उडणाऱ्या हेलिकॉप्टरला खरा धोका त्यांचाच.

जीपीएस भरकटलं, तर डोंगर भलत्याच जागी दिसतो. ढगही यात दिसत नाहीत.

तरी ही सोय मला फार मोलाची वाटते. रात्री गाविलगडच्या रांगांकडे जाताना पुढे उंच जमीन आहे हे नजरेला लगेच कळतं. पण ढगात पायलटने चार्टवरची किमान सुरक्षित उंचीच पाळायची असते. फक्त हे चित्र बघून डोंगरांमधून वाट काढायची नसते.