इंग्रजीचा पहिला गटप्रकल्प: बाजार मांडा
मॅडम, पहिल्याच वर्षी सातवीकडून इंग्रजी नाटक बसवून घेऊ नका. टाळ्या मिळतात, पण बोलतात तीच तीन मुलं. बाकीची झाडं आणि पडदे होतात.

आठवडी बाजारापासून सुरुवात करा. ४-४ जणांचे गट पाडा. ५ झाले की एक जण हमखास नुसता बसून राहतो. प्रत्येक गटाला एक दुकान: भाजी, चपला, भांडी, बियाणं. मुलं बाजारात जाऊन भाव विचारून येतात, अर्थात मराठीतच. खरी मजा वर्गात परतल्यावर. पाट्या इंग्रजीत, बाकांची दुकानं, अर्धा वर्ग गिऱ्हाईक. 'हाऊ मच', 'टू कॉस्टली', 'कॅन यू गिव्ह मी' अशा पाच-सहा वाक्यांवर तासिका संपली तरी घासाघीस चालू राहते. मेथीच्या जुडीला काय म्हणायचं म्हणून मुलं आपणहून शब्दकोश उघडतात. (फेन्युग्रीक हा शब्द मलाही तेव्हाच पाठ झाला.)

तयारी करताना मराठी बोलू द्या, तिथं दटावलंत तर गप्पच बसतील. दुकान मांडल्यावर मात्र इंग्रजीच, मोडकंतोडकं चालेल. मध्येच चुका काढू नका. टिपून ठेवा, दुसऱ्या दिवशी नाव न घेता फळ्यावर घ्या.

गुण निम्मे गटाला, निम्मे एकेकट्याला. अक्षर चांगलं म्हणून एकाच मुलीनं सगळ्या पाट्या लिहिल्या असतील, तर दुसऱ्या कुणाला दुकानावर उभं केलं की लगेच कळतं. आणि चार्टपेपर कशाला? जुन्या कॅलेंडरची मागची बाजू पुरते.