उत्तर : सॉफ्टवेअर असूनही साठा वाढतो आणि काम अडते, तेव्हा आधी एकके तपासा

तुम्ही लिहिले आहे की उत्पादन नियोजनाचे सॉफ्टवेअर सुरू करून बरेच महिने झाले, तरी स्टोअरमधला माल कमी झालेला नाही, आणि तरीही एखादा सुटा भाग नाही म्हणून जुळणी वारंवार थांबते. हे वाचून आमच्या कारखान्याचा तो काळ डोळ्यांसमोर उभा राहिला. अतिरिक्त माल आणि टंचाई ही दोन लक्षणे एकत्र दिसली, की मला पहिला संशय सॉफ्टवेअरमध्ये भरलेल्या मूळ माहितीचा येतो.

बीओएम (एका वस्तूला लागणाऱ्या भागांची आणि मालाची यादी), लीड टाइम (ऑर्डर दिल्यापासून माल हाती येईपर्यंतचा वेळ), राउटिंग (कामाच्या टप्प्यांचा क्रम) या गोष्टी तुम्हाला ठाऊक आहेत असे धरून चालतो. अभियंते जोसेफ ऑर्लिकी यांनी १९६४ च्या सुमारास मांडलेले एमआरपीचे, म्हणजे उत्पादनाला लागणाऱ्या मालाच्या नियोजनाचे, गणित मुळात वजाबाकीचे आहे : एकूण गरजेतून हातातला साठा आणि येऊ घातलेली खरेदी वजा करायची आणि जे उरेल त्याची ऑर्डर लीड टाइमइतकी आधी टाकायची. त्यामुळे साठ्याचा आकडा चुकला, तर पुढचे सगळे गणित अचूक होऊनही ऑर्डर चुकीचीच निघते.

आमचे सर्वांत मोठे नुकसान एका रकान्याने केले. स्टीलचे राउंड बार किलोवर विकत घेतले जातात आणि बीओएममध्ये ते मीटरमध्ये खर्ची पडतात. सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्या कंपनीने माहिती भरताना सगळ्या व्यासांच्या बारना १२ मिमीचाच रूपांतर गुणक लावून टाकला. स्टीलच्या बारचे दर मीटर वजन काढण्याचे सूत्र कोणत्याही टर्नरला तोंडपाठ असते : व्यासाचा मिलिमीटरमधला वर्ग भागिले १६२. त्यानुसार १२ मिमीचा बार मीटरला ०.८९ किलो भरतो, २० मिमीचा २.४७ किलो आणि ८ मिमीचा ०.४० किलो. म्हणजे २० मिमीचा एक टन माल आला, की प्रत्यक्षात सुमारे ४०५ मीटर असताना सॉफ्टवेअर ११२५ मीटर दाखवायचे आणि खरेदीची गरज नाही असे सांगायचे. उलट ८ मिमीच्या एका टनात अडीच हजार मीटरहून अधिक बार असतानाही ते ११२५ मीटरच धरायचे आणि आणखी माल मागवायला लावायचे. जाड बारचे काम अडत होते आणि पातळ बारचे रॅक भरत होते. हिशेबाच्या वह्यांत साठा किलोवर असल्यामुळे एकूण किंमत बरोबर जुळत राहिली आणि हिशेब तपासताना कोणालाही शंका आली नाही.

खर्चाच्या बाजूने झालेले नुकसान याहून गंभीर होते. २० मिमीच्या १०० मिमी लांब भागाला प्रत्यक्षात सुमारे २४७ ग्रॅम स्टील लागते; सॉफ्टवेअरने ८९ ग्रॅम धरले. त्यामुळे जाड भागांची आमची कोटेशने फार कमी दराची जात राहिली आणि नेमकी तीच कामे आम्हाला मिळत गेली, तर पातळ भागांची कामे जास्त दरामुळे हातची गेली. विक्री वाढत असताना पैसा कुठे जातो आहे, हे कोणालाच कळत नव्हते.

त्या कंपनीच्या मदत केंद्राबद्दल मला आजही चीड आहे. आमची प्रत्येक तक्रार ‘सिस्टीम व्यवस्थित चालू आहे’ असा शेरा मारून बंद केली जायची आणि पुढचा माणूस आमच्याच कामगारांना नोंदी नीट करण्याचे प्रशिक्षण घेण्याचा सल्ला द्यायचा. रूपांतराचा तक्ता उघडून पाहण्याची तसदी एकानेही घेतली नाही. शेवटी आमच्या स्टोअरकीपरने प्रत्येक व्यासाचा एकेक मीटरचा तुकडा कापून काट्यावर ठेवला आणि वजने खडूने त्या तुकड्यांवरच लिहिली. तेवढ्या वेळात सगळा घोळ उघडा पडला. म्हणून माझा आग्रह आहे, की दुसरे काहीही करण्याआधी खरेदीचे आणि वापराचे एकक वेगळे असलेल्या वस्तूंची यादी काढा आणि प्रत्येक वस्तू स्वतः मोजा किंवा वजन करा.

त्यानंतर कापणीतील घट पाहा. सहा मीटरच्या बारमधून १०० मिमीचे ६० तुकडे निघतात असे बीओएम मानते. पण ब्लेडची जाडी ३ मिमी असेल तर ५८ च निघतात आणि टोकाचा वाकडा भाग टाकावा लागला तर त्याहूनही कमी. प्लेटिंगला (धातूचा मुलामा देण्यासाठी) बाहेर गेलेला माल स्टोअरमध्येच दिसतो का, तेही तपासा.

माझी काही मते अनेकांना पटणार नाहीत. नट, बोल्ट, वॉशर यांचा सॉफ्टवेअरमध्ये नगाने हिशेब ठेवू नका. दोन डबे ठेवा आणि एक रिकामा झाला की मागवा. यंत्रांचे तासवार वेळापत्रक देणारे महागडे मॉड्यूल, साठ्याचे आकडे विश्वासार्ह होईपर्यंत घेऊ नका. वर्षातून एकदा कारखाना बंद ठेवून मोजणी करण्यापेक्षा रोज थोड्या वस्तू मोजा, महागड्या वस्तू अधिक वेळा, आणि फरक आढळला तर आकडा दुरुस्त करण्याआधी कारण शोधा. नवीन करार करताना, सगळी माहिती तुम्हाला हवी तेव्हा वापरण्याजोग्या स्वरूपात मिळेल, ही अट लिहून घ्या.

माझा अनुभव मशीनिंग आणि जुळणीचा आहे. रंग, रसायने किंवा खाद्यपदार्थांच्या उत्पादनात बॅच, उतारा आणि मुदत यांचे प्रश्न निराळे असतात, तिथे हे जसेच्या तसे लागू होईल असे मी म्हणणार नाही. शक्य असल्यास वारंवार संपणाऱ्या आणि विनाकारण साचणाऱ्या अशा प्रत्येकी दोन-तीन वस्तूंचे खरेदीचे एकक, वापराचे एकक आणि रूपांतर गुणक इथे लिहा, म्हणजे मी ते तपासून पाहीन.