मीटरवर ०.१८ आलं, आता काय समजायचं?

मध्य प्रदेशातल्या मंडला जिल्ह्यात चुटका इथे अणुवीज प्रकल्प प्रस्तावित आहे. त्यावरून पूर्व विदर्भातून आलेल्या पत्रांपैकी पाच प्रश्न इथे घेतले आहेत. पत्रं थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : शाळेच्या विज्ञान मंडळासाठी ऑनलाइन गायगर काउंटर (किरणोत्सार मोजणारा मीटर) मागवला. पटांगणात तो ताशी ०.१८ मायक्रोसिव्हर्ट दाखवतो. वर्षाच्या ८७६० तासांनी गुणलं तर १.५८ मिलिसिव्हर्ट होतात. जनतेसाठी वर्षाला १ मिलिसिव्हर्ट ही मर्यादा आहे असं वाचलं. मग आमचं गाव आत्ताच मर्यादेबाहेर आहे का?
— विज्ञान शिक्षक, आमगाव तालुका, जि. गोंदिया

गुणाकार बरोबर आहे, तुलना चुकली. (सिव्हर्ट हे अंगाला किरणोत्साराची किती मात्रा मिळाली ते मोजण्याचं एकक. एक मिलिसिव्हर्ट म्हणजे हजार मायक्रोसिव्हर्ट.) १ मिलिसिव्हर्टची मर्यादा ही निसर्गातून मिळणाऱ्या मात्रेच्या वर, प्रकल्पामुळे जी भर पडेल तेवढ्यापुरती आहे. जमिनीतलं युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम, आकाशातून येणारे वैश्विक किरण हे सगळं त्या हिशोबात धरत नाहीत. तुमच्या मीटरला मात्र गॅमा किरण कुठून आला ते कळत नाही, तो सगळ्यांची बेरीज दाखवतो. जगात माणसाला निसर्गातून सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. त्यातला निम्म्याच्या आसपास वाटा जमिनीतून निघून श्वासातून आत जाणाऱ्या रेडॉन या किरणोत्सारी वायूचा असतो आणि तो या मीटरवर दिसतच नाही.

आता ०.१८ वर किती विश्वास ठेवायचा ते पाहू. स्वस्त मीटरमध्ये बहुधा एसबीएम-२० किंवा तसल्याच जातीची नळी असते. नळीत किरण टिपला गेला की एक टिकटिक होते. साध्या जागी ती मिनिटाला २० ते २५ टिकटिक देते. तुमच्या ०.१८ ला साधारण ३१ आल्या असतील. किरणोत्साराची मोजणी मुळातच उड्या मारत होते आणि त्या उड्यांचा अंदाज मोजलेल्या आकड्याच्या वर्गमुळाएवढा असतो. ३१ चं वर्गमूळ साडेपाच, म्हणजे एका मिनिटाच्या वाचनात १८ टक्के इकडेतिकडे. ०.१५ आणि ०.२१ यांत फरकच नाही असं समजा. तेच १० मिनिटं मोजलं तर ३१० टिकटिकींना साडेसतरा, म्हणजे सहा टक्क्यांच्या आत. मीटरचा पडदा दर दोन सेकंदांनी बदलतो आणि पोरं सगळ्यात मोठा आकडा फळ्यावर लिहितात, तो मोह आवरा. एकूण टिकटिक आणि एकूण मिनिटं लिहा.

मीटर जमिनीपासून एक मीटर उंचीवर लाकडी स्टुलावर ठेवा, ग्रॅनाइटच्या ओट्यावर नको. जागा कायम तीच. शक्यतो सकाळी मोजा, कारण मेच्या ४५ अंशांत उन्हात ठेवलेल्या स्वस्त मीटरचा भरवसा नाही. बॅटरी उतरली तर नळीला लागणारा उच्च दाब नीट राहत नाही आणि आकडा खोटा येतो. शिवाय अशा उघड्या नळ्या कमी ऊर्जेच्या गॅमाला वाजवीपेक्षा जास्त दाद देतात. म्हणून मायक्रोसिव्हर्टचा आकडा अंदाजाचा समजा. त्याच जागी, त्याच मीटरने झालेला बदल मात्र कामाचा असतो.

दोन गोष्टी पोरांना दाखवण्यासारख्या आहेत. मृगाच्या पहिल्या मोठ्या सरीत मीटर उघड्यावर, पण प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. आकडा चढेल. हवेतल्या रेडॉनपासून झालेलं शिसे-२१४ आणि बिस्मथ-२१४ पावसाबरोबर खाली येतं. त्यांचं अर्धायुष्य (किरणोत्सार निम्मा होण्याचा काळ) अनुक्रमे २७ आणि २० मिनिटांचं, त्यामुळे पाऊस थांबल्यावर दोन-तीन तासांत आकडा जागेवर येतो. हे माहीत नसलं की पहिल्या पावसालाच गावात 'गळती झाली' अशी हाकाटी उठते. दुसरी गोष्ट म्हणजे पोटॅशची गोणी. ५० किलो म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये पोटॅशियम-४० मुळे पावणेआठ लाख बेकरेलच्या आसपास किरणोत्सार असतो (एक बेकरेल म्हणजे सेकंदाला एक अणू फुटणं). मीटर गोणीला टेकवून १० मिनिटं मोजा, मग गोणीपासून लांब १० मिनिटं. फरक दिसला तर मीटर जिवंत आहे. गोणीला भ्यायचं कारण नाही, पोटॅशियम-४० आपल्या अंगातही असतं.

गोंदिया, भंडारा, गडचिरोलीकडे जमिनीखाली जुना ग्रॅनाइट आणि नाइस खडक आहे. बुलढाणा, अकोला, अमरावतीकडे काळा बेसाल्ट आहे, आणि ग्रॅनाइटच्या मानाने बेसाल्टमध्ये युरेनियम-थोरियम कमी. म्हणून अकोल्याच्या शाळेचा आकडा तुमच्यापेक्षा कमी आला तर त्यावरून भांडू नका. वही घाला, महिन्यातून एकदा मोजा, शेजारी पावसाची नोंद ठेवा. तुमच्या गावाचा मूळ आकडा हाच.

प्रश्न : मुलगी बालाघाटकडे दिली आहे. तिकडे म्हणतात की चुटक्याचं पाणी वैनगंगेत येईल. आणि तपासणार कोण? प्रकल्पवाले स्वतःच, असं ऐकतो.
— एक शेतकरी, तिरोडा तालुका

पाण्याचं आधी. चुटका बरगी जलाशयाच्या काठावर आहे आणि ते पाणी नर्मदेचं, पश्चिमेला जाणारं. वैनगंगा सिवनी जिल्ह्यात उगम पावून बालाघाट, गोंदिया, भंडाऱ्याकडे येते. मध्ये दोन्हीकडचं पाणी वेगळं करणारा उंचवटा, म्हणजे जलविभाजक आहे, त्यामुळे प्रकल्पाचं सांडपाणी तुमच्या नदीत उतरत नाही. चुटका ते गोंदिया सरळ रेषेत दीडशे किलोमीटरच्या आसपास पडतं. प्रकल्पाभोवती किमान एक किलोमीटरचा निर्मनुष्य पट्टा, पाच किलोमीटरपर्यंत लोकवस्तीच्या वाढीवर लक्ष, सोळा किलोमीटरपर्यंत आणीबाणीचा आराखडा आणि तीस किलोमीटरपर्यंत नमुने घेणं अशी आखणी असते.

तपासणीत तीन घटक येतात आणि लोक ते एकात कालवतात. अणुभट्टी चालवते एनपीसीआयएल ही सरकारी कंपनी. धुरांड्यातून आणि सांडपाण्यातून किती बाहेर गेलं ते तीच मोजते. बाहेरच्या मातीत, दुधात, पाण्यात काय उतरलं ते भाभा अणुसंशोधन केंद्राची पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा मोजते. ही प्रयोगशाळा भट्टी सुरू होण्याच्या काही वर्षं आधीच बसवतात, म्हणजे मूळ आकडे हाताशी राहतात. किती सोडायला परवानगी ते अणुऊर्जा नियामक मंडळ १९८७ च्या किरणोत्सारी कचरा नियमांखाली ठरवतं आणि दोन्ही बाजूंचे आकडे त्याच्याकडे जातात. या रचनेची ताकद अशी की धुरांड्याचा आकडा कमी आणि दुधाचा जास्त आला तर दोघांपैकी एक खोटा ठरतो.

कमकुवत बाजूही सांगायला हवी. नियामक मंडळ १५ नोव्हेंबर १९८३ ला सरकारी आदेशाने स्थापन झालं आणि अणुऊर्जा आयोगाला उत्तरदायी राहिलं. म्हणजे चालवणारा, मोजणारा आणि तपासणारा हे तिघे एकाच छत्राखाली. २०१२ च्या कॅगच्या (सरकारी खर्चाची तपासणी करणाऱ्या महालेखापरीक्षकांच्या) अहवालात नेमकं यावरच बोट ठेवलं होतं. स्वतंत्र प्राधिकरणाचं २०११ चं विधेयक पारितच झालं नाही. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या 'शांती' या अणुऊर्जेविषयीच्या कायद्याने मंडळाला वैधानिक दर्जा मिळाला. पण त्याच कायद्याने खासगी कंपन्यांनाही या क्षेत्रात वाट मिळाली, तेव्हा तपासणाऱ्याचं काम हलकं झालेलं नाही. आमच्या मते खरी उणीव एकच: प्रकल्पाशी नातं नसलेली एखादी विद्यापीठाची प्रयोगशाळा त्याच दिवशी, त्याच जागचा नमुना मोजते अशी सोय नेहमीची झालेली नाही. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जाऊन उपयोग नाही, अणुप्रकल्पाचा किरणोत्सार हा केंद्राचा विषय आहे. आणीबाणीत मात्र प्रकल्पाबाहेरची सूत्रं जिल्हाधिकाऱ्याकडे असतात आणि त्याचा सराव दोन वर्षांतून एकदा घ्यायचा असतो.

प्रश्न : दुधाचेच नमुने का घेतात? आमच्याकडे गाई आहेत. नमुना कसा घ्यावा म्हणजे तो खरा ठरेल?
— दूध उत्पादक, सालेकसा तालुका

गाय दिवसभर मोठं रान फिरते आणि त्या गवतावर बसलेलं आयोडीन-१३१ एक-दोन दिवसांत दुधात उतरतं. इतक्या मोठ्या क्षेत्राचा नमुना आपण हाताने गोळा करू शकत नाही, गाय तो फुकटात करते. बकरीची थायरॉइड ग्रंथी तपासतात तीही याचसाठी, कारण आयोडीन तिथे साठतं.

आता नमुना फसतो कुठे? गोठ्यात बांधून तणस खाणाऱ्या गाईचं दूध आयोडीनच्या कामाचं नाही. तणस महिनोनमहिने गंजीत पडलेलं असतं आणि आयोडीन-१३१ चं अर्धायुष्य आठ दिवसांचं, त्यामुळे दूध स्वच्छच निघणार. चराईवर सोडलेली गाय हवी. संकलन केंद्रातलं दूध घेतलं तर दहा गावांचं मिसळतं आणि जागेचा पत्ता लागत नाही. दूध काढल्याची तारीख-वेळ बाटलीवर हवी, कारण पंधरवडा फ्रीजमध्ये पडून राहिलं तर मूळ आयोडीनच्या तीस टक्क्यांहूनही कमी उरतं. प्रयोगशाळेला उशीर होणार असेल तर दूध फाटू नये म्हणून त्यात फॉर्मलिन टाकतात. अशी बाटली घरच्या फ्रीजमध्ये ठेवायची नाही, चुकून चहात जाईल. बाटली नवी किंवा खास राखलेली असावी. आधीच्या नमुन्याची बाटली विसळून वापरली की पुढचा आकडा बिघडतो.

प्रयोगशाळेत साधारण एक लिटर दूध खास भांड्यात भरून जर्मेनियम शोधकाभोवती (गॅमा किरण ओळखणाऱ्या उपकरणाभोवती) बसवतात आणि कित्येक तास मोजतात. सीझियम-१३७ थोडं सापडलं तर लगेच प्रकल्पाकडे बोट दाखवू नका. १९५० आणि ६० च्या दशकांतल्या हवेतल्या अणुचाचण्यांचं सीझियम अजून मातीत आहे, त्याचं अर्धायुष्य ३० वर्षांचं. सोबत सीझियम-१३४ आहे का ते विचारा. त्याचं अर्धायुष्य दोनच वर्षांचं, तेव्हा ते चाचण्यांचं उरलेलं असू शकत नाही. सापडलं तर ते भट्टीतलं आणि ताजं.

अहवालात 'शोधमर्यादेपेक्षा कमी' असं असेल, म्हणजे उपकरणाला पकडता येईल त्याहून कमी, तर ते शून्य नव्हे. मर्यादा किती बेकरेल प्रतिलिटर आणि किती वेळ मोजलं, ही दोन उत्तरं नसतील तर त्या ओळीला अर्थ नाही. दहा मिनिटं मोजलं तर जवळपास काहीही 'मर्यादेपेक्षा कमी' दाखवता येतं.

प्रश्न : दुर्गापूरला थर्मलच्या राखेच्या विटांचं घर बांधतोय. लोक म्हणतात, राखेत रेडिएशन असते.
— एक वाचक, जि. चंद्रपूर

असतं, पण नैसर्गिक. कोळसा जळाला की त्यातलं युरेनियम-थोरियम राखेत राहतं. आपल्या कोळशात ३५-४० टक्के राख असल्याने ते अडीच-तीन पट दाट होतं. विटेत वाळू, चुना किंवा सिमेंट मिसळल्यावर ते पुन्हा पातळ होतं. घराला समोरासमोर खिडक्या ठेवा, रेडॉन साचत नाही. राखेची उडणारी धूळ फुफ्फुसात जाते, काळजी तिची जास्त करा: विटा कापताना पाणी मारा आणि तोंडाला फडकं बांधा.

प्रश्न : प्रकल्पाच्या परिसरातले आकडे सामान्य माणसाला मिळतात का?
— ग्रामपंचायत सदस्य, जि. भंडारा

वर्षाचा गोषवारा नियामक मंडळाच्या वार्षिक अहवालात असतो. प्रत्येक प्रकल्पाच्या परिसरातली जनतेची मात्रा १००० मायक्रोसिव्हर्टच्या मर्यादेशेजारी दिलेली असते. त्यापुढचं हवं तर माहितीचा अधिकार आहे.

अर्ज दोन ठिकाणी फसतो. पहिलं म्हणजे आपल्याकडच्या सवयीने त्यावर १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावतात. ते राज्याच्या कार्यालयांना चालतं, केंद्राच्या नाही. पोस्टल ऑर्डर जोडा किंवा केंद्राच्या आरटीआय पोर्टलवर पैसे भरा. दारिद्र्यरेषेखालच्यांना शुल्क नाही, दाखला जोडावा. दुसरं म्हणजे 'रेडिएशनची सर्व माहिती द्यावी' असं लिहितात. त्यावर सुरक्षेचं कारण देऊन कलम ८ खाली नकार येतो. नेमकं मागा: अमुक वर्षातल्या चारही तिमाहींचे टीएलडी बिल्ल्यांचे आकडे, गावाच्या नावासह, दुधातल्या आयोडीन-१३१ आणि सीझियम-१३४ चे आकडे, शोधमर्यादा आणि मोजणीच्या वेळेसह, भट्टी सुरू होण्याआधीचे तेच आकडे. टीएलडी म्हणजे जमिनीपासून मीटरभर उंचीवर तीन महिने टांगलेला बिल्ला. तो तेवढ्या काळातली एकूण मात्रा साठवून ठेवतो.

परिसराच्या आकड्यांसाठी अर्ज भाभा अणुसंशोधन केंद्राच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे करा, किती सोडायची परवानगी आहे यासाठी नियामक मंडळाकडे. मराठीत लिहिला तरी चालतो. ५०० शब्दांच्या आत ठेवा. उत्तराची मुदत ३० दिवसांची. नाही आलं किंवा अर्धवट आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे, आणि तिथेही अडलं तर ९० दिवसांत दुसरं अपील केंद्रीय माहिती आयोगाकडे. राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे हे अपील चालत नाही.